बालवेदनेला वाली कोण?

मुंबईहून निघालेली कसारा लोकल खर्डी सोडते आणि घाटाच्या पायथ्याला लागण्यापूर्वी उंबरमाळीला थांबते. शहापूर तालुक्यातील हे लहानसे ठिकाण. कित्येक वर्षे येथे गाड्या थांबत होत्या, माणसे चढत-उतरत होती; परंतु रेल्वेच्या कागदावर येथे प्रवाशांसाठी स्थानकच नव्हते. तांत्रिक थांबा, एवढीच त्याची ओळख. तिकीट खिडकी नाही म्हणून तिकीट नाही, तिकीट नाही म्हणून प्रवासी नाहीत आणि प्रवासीच नाहीत म्हणून तिकीट खिडकीची आवश्यकता नाही, असा तो सरकारी तर्कशास्त्राचा फेरा होता. तो २०२१ मध्ये एकदाचा सुटला आणि उंबरमाळीला अधिकृत थांब्याचा दर्जा मिळाला.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील लेकरांच्या वेदनेचा फेरा मात्र अद्याप सुटलेला नाही. वेदना असते, तिच्यापायी घर रात्र-रात्र जागते. पण कागदावर ती नसते. आजारी मूल दवाखान्यात नेले की केसपेपरवर वजन लिहिले जाते, ताप लिहिला जातो, जुलाब किती वेळा झाले ते लिहिले जाते. दुखते कुठे, किती, केव्हापासून आणि औषध दिल्यावर ते किती उणावले, यासाठी बहुधा रकानाच नसतो. रकाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून मागणी नाही आणि मागणी नाही म्हणून औषधाचा साठा नाही. ‘पोर आहे, रडणारच’ हे वाक्य मात्र सर्वत्र विनामूल्य उपलब्ध आहे.

हा अपराध केवळ अडाणी माणसांचा आहे, असा सुशिक्षितांचा समज असेल तर तो त्यांनी सोडून द्यावा. नवजात अर्भकाची मज्जासंस्था अपक्व असते, सबब त्याला वेदना कळत नाही, असे विसाव्या शतकाचा फार मोठा काळ पाश्चात्य वैद्यक मानीत आले. १९८५ मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे, अकाली जन्मलेल्या एका बाळावर हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झाली. त्याची हालचाल बंद पाडणारे औषध त्याला दिले होते. भूल दिलेली नव्हती. ते हलू शकत नव्हते, ओरडू शकत नव्हते, एवढेच. काही आठवड्यांनी ते दगावले. पुढे त्याच्या मातेला सत्य समजले आणि तिने ते चव्हाट्यावर मांडले, तेव्हा कुठे त्या प्रगत देशाला घाम फुटला.

त्याच सुमारास इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे एक भारतीय तरुण डॉक्टर नेमक्या याच प्रश्नावर संशोधन करीत होता. डॉ. कंवलजित सिंग आनंद हे त्यांचे नाव. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिलेल्या अर्भकांमध्ये ताणाची संप्रेरके आटोक्यात राहतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मधून सप्रमाण मांडले. अर्भकाला दुखते, हे सिद्ध करण्यासाठी प्रयोगशाळेत रक्त तपासावे लागले! ज्या आईने बाळ कुशीत घेतले आहे, तिला हे कुणी विचारलेच नव्हते.

आणि आपल्याकडे? काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात ‘वेदनाध्याय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांना सापडलेल्या ताडपत्रांवरून ही संहिता १९३८ मध्ये मुंबईत छापली गेली. ज्याला बोलता येत नाही, अशा बालकाची वेदना वैद्याने कशी ओळखावी, हा त्या अध्यायाचा विषय. डोके दुखणारे बालक डोके सारखे हलवते, डोळे मिटून घेते, कण्हते, झोपत नाही. कान दुखत असेल तर हात पुन्हा पुन्हा कानाकडे नेते. पोटशूळ असेल तर स्तन झिडकारते, उताणे होऊन अंग वाकवते, त्याचे पोट ताठते आणि तोंडावर घाम येतो. बालकाला वेदना होते की नाही, या निरर्थक वादात हा ग्रंथकार शिरतच नाही. ती होते हे गृहीत धरून तो थेट पुढचे काम हाती घेतो. आजची बालरुग्णालये चेहरा, पायांची स्थिती, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर होणारा परिणाम यांना गुण देऊन लहान मुलाची वेदना मोजतात. ही मोजपट्टी १९९७ मध्ये अमेरिकेत तयार झाली. पद्धत तीच आहे. बोलणे नसेल तेथे देह वाचणे.

परंतु येथे छाती फुगवून घेण्याचे कारण नाही. वारशाचा अभिमान बाळगणे आणि वारसा वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्याख्यानांतून काश्यपांचे नाव घेणाऱ्या मंडळींनी, हा अध्याय सोप्या मराठीत उतरवून एखाद्या अंगणवाडीच्या भिंतीवर लावला आहे काय? पाड्यावरील आशा ताईच्या हाती तो दिला आहे काय? पोथीला हार घालायचा आणि मूल रडत ठेवायचे, ही श्रद्धा नव्हे.

याहून अवघड प्रश्न डाग देण्याचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात, सिमोरी या गावी, श्वासाचा त्रास होत असलेल्या अवघ्या बावीस दिवसांच्या अर्भकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. मेळघाटात या प्रकाराला ‘डंबा’ म्हणतात. अन्यत्र डाग म्हणतात. पोट फुगले, मूल सारखे रडू लागले, दूध पिईना, की लोखंड तापवायचे. दुखण्यावर उपाय म्हणून त्याहून मोठे दुखणे! चटक्याच्या असह्य वेदनेने मूल थकून गप्प होते आणि घरच्यांना वाटते, गुण आला.

अशी घटना बाहेर आली की दोन टोळ्या तत्काळ मैदानात उतरतात. एक टोळी या एका विळ्याच्या आधारे वनवासी समाजाच्या समग्र ज्ञानपरंपरेला, आणि जमल्यास हिंदू परंपरेलाही, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. आपल्या वातानुकूलित चर्चासत्रातून ही मंडळी निष्कर्ष काढतात, की हे लोक असेच. सिमोरीपासून दवाखाना किती दूर आहे, तेथे रात्री डॉक्टर भेटतो काय, हे प्रश्न त्यांना पडत नाहीत. दुसरी टोळी आपल्याच घरातली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. ती हळूच सांगते, की अहो, यात काहीतरी शास्त्र असणार. आयुर्वेदात अग्निकर्म सांगितलेच आहे की!

सांगितले आहे, यात शंका नाही. पण कुणी कधी मूळ संहिता उघडून पाहिली आहे काय? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्माचा विधी येतो. तेथेच, अग्नीने कुणाला डागू नये, याचीही गणना आहे. दुर्बल, वृद्ध, भित्रा यांच्या जोडीने त्या गणनेत ‘बाल’ हा शब्द उघड उघड उभा आहे. म्हणजे जो ग्रंथ ढाल म्हणून पुढे केला जातो, तोच ग्रंथ ही कृती निषिद्ध ठरवतो. बावीस दिवसांच्या बालकाला डागणारा माणूस परंपरा पाळीत नाही. तो परंपरेने दोन हजार वर्षांपूर्वी घातलेली आडकाठी मोडतो. हे वाक्य भगताला त्याच्या अंगणात बसून, त्याचा मान राखून, पण निःसंदिग्धपणे सांगणारा माणूस हवा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या बाजूने आणि विरोधात जेवढी शाई सांडली, तिच्या शतांशाने तरी तुडुंब भरलेल्या औषधाच्या बाटल्या पाड्यांवर पोहोचल्या असत्या, तर अनेक विळे चुलीत शिरलेच नसते.

त्याच कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक कलम आहे. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा अपराध होय. विंचवाचा उल्लेख शहापूर-मुरबाडच्या रहिवाशाला समजावून सांगावा लागत नाही. भाताच्या पेंढ्यात, चुलीसाठी आणलेल्या लाकडांत, वीटभट्टीवरच्या झोपडीत तो भेटतोच. आणि कातकरी कुटुंबे तर आपली लेकरे घेऊनच भट्टीवर जातात. लाल विंचवाचा दंश मुलांना मारक ठरतो. १९७६ पासून रायगड जिल्ह्यातील बिरवाडी-महाड भागात रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी हे मृत्यू डोळ्यांसमोर पाहिले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग शोधून काढला. शंभरातील तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एक ते तीनपर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातील एका ग्रामीण दवाखान्यातून निघालेले हे संशोधन जगाने मान्य केले, याचा अभिमान अवश्य बाळगावा.

मात्र जीव वाचवण्याच्या या कर्तृत्वामागे वेदनेचा प्रश्न झाकला जाऊ नये. विंचू चावलेल्या मुलाला उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे आहेत की नाहीत हे पाहणे सर्वप्रथम आवश्यक, आणि ती असतील तर क्षणाचाही विलंब नको. पण ती नसली, तरी त्या मुलाला होणारी आग खरीच असते. दंशाच्या जागी बर्फ, पॅरासिटामॉल आणि वेदना फार असेल तर ती जागा बधिर करणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन, यात दुर्मीळ असे काय आहे? ‘धोका नाही, घेऊन जा’ असे सांगून कळवळणारे मूल परत पाठवले, की ते सरळ भगताकडे जाते. आणि मग भगताला नावे ठेवली जातात! दवाखान्याने सोडून दिलेली जागाच त्याने व्यापलेली असते.

औषध मिळते, तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. २००० नंतरच्या दशकात निमेसुलाइड या वेदनाशामकाची लहान मुलांसाठीची औषधे देशभर खपत होती. यकृताला अपाय होतो म्हणून फिनलंड आणि स्पेन यांनी २००२ मध्येच ते औषध थांबवले. भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली ती २०११ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत कंपन्यांनी काय कमावले आणि भारतीय बालकांनी काय गमावले, याचा हिशेब कुणी दिला? मोठ्या माणसाची गोळी मोडून अर्धी मुलाला देण्याची सवय घरोघर आहे. ॲस्पिरिन तापलेल्या मुलाला देऊ नये, बारा वर्षांखालील मुलाला कोडीन देऊ नये, हे औषधाच्या दुकानात सांगितले जातेच असे नाही.

साधे पॅरासिटामॉल घ्या. ते मुलाच्या वजनावर द्यायचे असते. दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही. पण थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये कधी १२० तर कधी २५० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली संपली, दुसरी आणली आणि त्याच मापाने दिली, तर मात्रा कमी तरी पडते किंवा घातक तरी ठरते. घरातला चमचा तर कोणत्याच मापाचा नसतो. ही अक्षरे बाटलीवर मुंगीएवढ्या टाइपात आणि बहुधा इंग्रजीत छापलेली असतात. मराठी राज्यात विकल्या जाणाऱ्या औषधावर मराठी आईला वाचता येईल असे माप असावे, यासाठी मात्र कुणाची अस्मिता जागी होत नाही.

आता मॉर्फीन. हा शब्द उच्चारताच सुशिक्षितांच्या कपाळाला आठ्या पडतात. कर्करोगाने अस्थी पोखरलेले मूल, मोठ्या प्रमाणात भाजलेले मूल, सिकलसेलच्या तीव्र वेदनेने तळमळणारे वनवासी मूल यांना पॅरासिटामॉल पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या दीर्घ वेदनेसाठी दोनच पायऱ्या सांगितल्या. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन. मध्यम आणि तीव्र वेदनेला मॉर्फीन. यात तिसरी पायरी ‘सोसणे’ अशी नाही.

हे औषध परदेशातून आणावे लागते काय? मुळीच नाही. मंदसौर-नीमचच्या शेतांत, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचेच कारखाने आहेत. जगाच्या वेदनाशामकांसाठी भारताने कायदेशीर अफू निर्यात केली. आणि स्वदेशात? १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. हेतू योग्य होता. पण परवान्यांचे असे जंजाळ उभे राहिले, आणि चूक झाल्यास तुरुंगाचे असे भय, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. अवघ्या भारतवर्षासाठी अठरा किलो! केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला आणि अत्यावश्यक अशा अमली औषधांसाठी अनेक परवान्यांची साखळी तोडली. कायदा बदलला, डॉक्टरच्या मनातील भय बदलले नाही.

इतिहासाची क्रूर थट्टा अशी की, याच अफूची ‘बाळागोळी’ एके काळी मुंबईच्या चाळींतून सर्रास मिळत असे. गिरणीत जाणारी माउली तान्ह्याला ती चाटवून जाई, म्हणजे ते दिवसभर निपचित पडून राहावे. निरोगी मुलाला गप्प करण्यासाठी अफू चालली, वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला ती मोजून-मापून, डॉक्टरच्या देखरेखीखाली चालत नाही. व्यसन लागेल, अशी भीती घातली जाते. अमेरिकेचा दाखलाही दिला जातो. तेथे १९९६ नंतर एका कंपनीने आपली अफूजन्य गोळी किरकोळ पाठदुखीलाही विकली आणि पिढ्या व्यसनात बुडाल्या, हे खरेच. तो नफेखोरीचा परिणाम होता. महापूर आला म्हणून शेजारच्या दुष्काळी गावाचे पाणी तोडायचे नसते. तीव्र वेदनेसाठी योग्य मात्रेत मॉर्फीन घेणारे कर्करोगग्रस्त मूल व्यसनी होत नाही. ते जेवते, झोपते, आईशी बोलते.

उंबरमाळीच्या डोंगरांपलीकडे जव्हार आहे. २०१० ते २०१५ या वर्षांत टाटा स्मारक केंद्र आणि भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटना यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात बालकांच्या वेदनाशमनाचा प्रकल्प चालला. जव्हारचे सरकारी रुग्णालय हे त्याचे ग्रामीण केंद्र होते. वनवासी भागातील सरकारी रुग्णालयातही हे काम होऊ शकते, हे त्यातून दिसले. मात्र त्याचा खर्च ब्रिटिश सरकारच्या निधीतून झाला. अफू आपली, लेकरे आपली, डॉक्टर आपले. आणि त्यांच्या कण्हण्याची दखल घ्यायला पैसा लंडनचा! महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये या सेवेचे धोरणही जाहीर केले. तरीही परळच्या टाटा रुग्णालयातून, उपचारांचा उपयोग उरलेला नाही म्हणून, घरी परतलेल्या या भागातील मुलाला शेवटच्या आठवड्यांत मॉर्फीन संपले, तर त्याच्या बापाला शंभराहून अधिक किलोमीटरचा लोकलप्रवास करायला लागू नये, अशी व्यवस्था ठाण्याच्या ग्रामीण टोकाला आहे, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल? सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे लक्ष्य स्तुत्यच आहे. पण २०४७ पर्यंतच्या रात्री ज्या मुलांना काढायच्या आहेत, त्यांच्या उशाशी काय ठेवणार, हेही त्या अभियानाच्या अधिकाऱ्यांनी सांगावे.

औषधाविना वेदना कमी करणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या फुकट आहेत म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहिल्या. लस टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवावे, ते आईच्या मांडीवर उभे धरलेले असावे, अनेक लसी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी टोचावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. शाई नव्हे, दंतमंजन नव्हे, शेण तर नव्हेच. मोडलेला हात बांबूच्या कामट्यांमध्ये स्थिर बांधला तरी अर्धी कळ थांबते. जखमेची पट्टी बदलताना मुलाच्या हाती पिपाणी द्यावी, आजीने गोष्ट सांगावी. यांपैकी काहीही औषधाची जागा घेत नाही; ते औषधाच्या सोबत चालायचे असते. भाजलेल्या मुलाला नुसती गोष्ट सांगून पट्टी ओढणे हाही एक प्रकारचा डागच होय. आणि आपण काय करतो? पट्टी बदलायच्या खोलीतून नेमके आईलाच बाहेर काढतो. ‘गप्प बस, नाहीतर सुई टोचीन’ असे दरडावतो. ज्या मुलाला पाच वर्षे सुईची धमकी दिली, ते सहाव्या वर्षी दवाखान्याला घाबरते, तेव्हा त्याला भित्रे ठरवतो.

वनवासी क्षेत्रांत आरोग्याचे सेवाकार्य करणाऱ्या संस्था-संघटनांनीही शिबिरांच्या छायाचित्रांपलीकडे जाऊन स्वतःची पेटी एकदा उघडून पाहावी. मुलांसाठी मापाचा प्याला आहे काय, वजनानुसार मात्रेचा मराठी तक्ता आहे काय? हे काम सरकारच्या परवानगीवाचून उद्या सकाळी करता येते. सरकारला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शहापूर आणि मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांत मुलांना देता येईल असे मॉर्फीन आहे काय. गेल्या वर्षी ते किती मुलांना दिले. ते लिहून देण्याचे प्रशिक्षण किती डॉक्टरांना झाले. आणि केसपेपरवर वेदनेचा रकाना छापण्यास कुणाची हरकत आहे? माहितीचा अधिकार २००५ पासून प्रत्येक नागरिकाच्या हाती आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये.